येण्याजाण्यापुरती स्पॅनिश

हॉस्पिटलात तिला नावाने कोणीच हाक मारत नसे. व्यायामाच्या खोलीत पेशंट आला की तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "चला!" आणि निरोप देतानाही तोच. म्हणून वॉर्डबॉयपासून भूल देणाऱ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची ती झाली होती चलामॅडम. तिला त्यात कमीपणा वाटत नसे. मनातून जरा बरंच वाटायचं. गुडघा बदललेले, पाठीत स्क्रू बसवलेले, नुसतं पलंगाच्या कडेला बसवलं तरी घाम फुटणारे, असे कितीतरी जण तिने या एका शब्दावर चालते केले होते. गोंजारायचं नाही, दरडावायचंही नाही. समोर उभं राहायचं, दोन्ही हात पुढे करायचे आणि अशा सुरात "चला" म्हणायचं, की जणू जायचं त्या माणसाचंच ठरलंय, आपण फक्त वेळ झाली म्हणून सांगायला आलोय.

खिडकीजवळच्या आजींपुढे मात्र हा शब्द लुळा पडला.

आजी लांबच्या देशातून मुलाकडे राहायला आल्या होत्या आणि मुलाच्याच न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झकास झालं, हाड जागेवर बसलं. एक्स-रे उजेडाला धरून हाडांचे डॉक्टर स्वतःवरच खूश होते. पण आजींना भाषा येत होती एकच, स्पॅनिश, आणि अख्ख्या वॉर्डात ती कोणाला येत नव्हती. सिस्टर गोळ्या घेऊन आल्या की आजी हसायच्या. सिस्टर गेल्या की पुन्हा खिडकीबाहेर बघत बसायच्या. तिकडे त्यांचा स्वतःचा शिवणाचा कारखाना होता म्हणे, हाताखाली बऱ्याच बायका. मानेचा ताठा बघून ते अजूनही कळायचं. संध्याकाळी मुलगा आला की मगच त्यांच्या तोंडाचं कुलूप निघे.

मुलगा इथे येऊन चांगला मुरला होता. बायको इथलीच, आणि बोलणंही इतकं इथलं की फोनवर ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये. फक्त आईला तो "मामा, मामा" करायचा, तेव्हा शेजारच्या पलंगांवर खसखस पिकायची. कामाने तो लिफ्टची तपासणी करणारा. उंच उंच इमारतींतल्या लिफ्ट त्याने होकार दिल्याशिवाय हलत नसत, आणि तो स्वतः राहायचा वरच्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत.

सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

"शुक्रवारी मी स्वतः बघणार," डॉक्टरांनी राउंडला येऊन सांगून टाकलं. "काठी घेऊन आपला एक मजला चढून उतरल्या, की घरी. नाही जमलं, तर मला पलंग अडवून ठेवता यायचा नाही."

"मी एक जागा बघून ठेवलीय," मुलगा म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांसाठी. जरा गावाबाहेर आहे, पण स्वच्छ आहे. सगळं तळमजल्यावर. पायरीच नाही कुठे. उंबरठासुद्धा नाही."

"तिथे त्यांच्याशी बोलणार कोण?" चलामॅडमने विचारलं.

मुलगा म्हणाला, "रविवारी मी जाईनच की."

आजी सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या आणि हसत होत्या. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं. रविवार सोडला तर उरलेला सगळा आठवडा हे असं हसत काढायचं, आणि तेही जन्मभर? चलामॅडमने तिथल्या तिथे ठरवलं, शुक्रवारी आजी जिना चढणार. आता संध्याकाळी मुलगा येईपर्यंत थांबायचं आणि त्याच्या तोंडून व्यायाम करून घ्यायचा, एवढ्याने भागणार नव्हतं. सकाळीही चालवायला हवं होतं. आणि सकाळी चालवायचं तर स्पॅनिश हवी होती.

ती मिळायला लांब जायला नको होतं. तिचा धाकटा दीर कॉलेजात स्पॅनिश शिकला होता आणि त्या जोरावर एका कंपनीत दिवसभर परदेशातल्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकत असे.

"वहिनी, आधी एक ठरवा," मटाराच्या ताटाशी मांडी ठोकत तो म्हणाला. "भांडणापुरती हवीय, की प्रेमात पडण्यापुरती? दोन्हींचे कोर्स वेगळे आहेत."

"मला जिना चढण्यापुरती हवीय. आणि शेंगा सोलता सोलता शिकव, नुसते दाणे तोंडात टाकू नकोस."

"म्हणजे येण्याजाण्यापुरती. मग सोपं आहे. वे म्हणजे जा. बेन म्हणजे ये. सूबे, चढ. बाहा, उतर. ब्वेल्बे, परत ये. झालं! एवढ्यावर अर्धा देश फिरून याल."

"अरे, त्या माझ्या आजीच्या वयाच्या आहेत. त्यांना काय 'ए, ये, चढ' करू?"

"अहोजाहो पाहिजे? मग शेपट्या बदलतील. 'जा'चं झालं बाया, 'या'चं बेंगा. आणि पुढे सूबा, बाहे, ब्वेल्बा."

"बाया?" स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "आहोत की आम्ही इथे. कुठे जायचंय?"

दीर हसून हसून ताटावर आडवा झाला. मग डोळे पुसत म्हणाला, "अजून एक गंमत सांगतो. आपल्याला कोणी हाक मारली की आपण 'आले, आले' म्हणतो. ते म्हणतात 'बोय'. म्हणजे 'जाते'."

"बोलावल्यावर 'जाते' म्हणायचं? उद्धटपणा नाही का तो?"

"का? बोलावणाऱ्याकडे जायचंच असतं ना? आपणच जागचे न हलता नुसतं 'आले, आले' ओरडतो."

"हे मात्र लाख बोललास," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या भावाला जेवायला हाक मारली की तो 'आलो' म्हणतो, आणि आमटी गार झाल्यावर उगवतो."

चलामॅडम शेंगा सोलत पुटपुटत होती, बाया, बेंगा, सूबा, बाहे. तिची लेक ठकी तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर एक पाय टाकून वर चढू बघत होती.

"ठके, पडशील!"

ठकी तिथेच थिजली. एक पाय स्टुलावर, एक जमिनीवर, मान आईकडे. चलामॅडम ताट ओलांडून धावली आणि तिला उचलून घेऊन आली.

"वहिनी, वर्गात लक्ष द्या," दीर म्हणाला.

हे रोजचंच होतं. हॉस्पिटलात जी बाई हाडं जोडलेल्या माणसांना पलंगावरून ओढून उभं करायची, तीच घरी आली की टेबलाचे कोपरे, ओली फरशी आणि गॅलरीचे गज यांच्यावर पहारा देत बसायची. "अगं, चालू दे पोरीला जरा," सासूबाई म्हणत. "तुझं कामच ते ना?" तिला पटायचं. पण पटूनही तोंडून तेच निघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आजींच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "बेंगा."

आजींची मान खिडकीवरून अशी झटकन वळली, की जणू भिंतीवरचं घड्याळच बोललं होतं. मग जे सुरू झालं त्याला खळ नव्हता. आजी बोलत होत्या, हातवारे करत होत्या, खिडकीबाहेर काहीतरी दाखवत होत्या, शेजारच्या पलंगावरच्या बाईंकडे बोट करून नाक मुरडत होत्या. चलामॅडमला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. तिच्याकडे भांडवल एवढंच, तेव्हा तिने तेच पुन्हा काढलं. "बेंगा."

आजी थांबल्या. तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग पुढे वाकून तिच्या पांढऱ्या कोटाची दुमडलेली कॉलर सरळ केली, खांद्यावरची शिवण चिमटीत धरून तपासली, "च्" केलं, आणि वॉकरला हात घातला.

"बाया," चलामॅडम म्हणाली. आजी दारापर्यंत गेल्या.

"ब्वेल्बा." आजी परत आल्या.

त्या दिवसापासून सकाळचा वेळ दोघींचा झाला. वॉकर जाऊन काठी आली. खोली सोडून दोघी लांबलचक बोळात फिरायला लागल्या. व्यायामाच्या खोलीत लाकडी पायऱ्या होत्या, दोन्ही बाजूंना कठडे असलेल्या. त्यांच्यापाशी नेऊन चलामॅडमने आधी स्वतःच चढून दाखवलं. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. शब्द नव्हते, म्हणून मांडीवर थाप मारून दाखवलं. आजींनीही आपल्या बऱ्या मांडीवर थाप मारली, "सूबा" ऐकलं आणि वर गेल्या. वर पोचल्यावर त्यांनी खाली असा कटाक्ष टाकला, की कारखान्यातल्या बायांनी माना खाली घालून शिवणयंत्रं चालू केली असती.

"शुक्रवार आपलाच," चलामॅडमने थोरल्या सिस्टरना सांगून टाकलं.

संध्याकाळी मुलगा आला. आईला बघून खूश झाला. चलामॅडम म्हणाली, "या, तुम्हाला गंमत दाखवते," आणि आजींना लाकडी पायऱ्यांपाशी घेऊन गेली. मुलाच्या देखत स्पॅनिश फाडायला तिला लाज वाटली, म्हणून ती नेहमीसारखं त्याला म्हणाली, "त्यांना सांगा, बरा पाय वर घ्या."

मुलाने सांगितलं. आजींनी कठडा धरला, पाय उचलला, मुलाकडे बघितलं आणि पाय पुन्हा खाली ठेवला.

"सांगा, काही होत नाही. मी धरलंय."

मुलाने तेही सांगितलं. ज्या पायऱ्या त्या सकाळी राणीच्या तोऱ्यात चढल्या होत्या, त्यांच्यापुढे त्या पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. शेवटी खुर्ची मागवावी लागली.

"बघा," मुलगा हताश होऊन म्हणाला. "नाही जमत तिला. मी म्हणत नव्हतो?"

"लाड हो, लाड," थोरल्या सिस्टर मागाहून म्हणाल्या. "मुलगा दिसला की अंगात येतं यांच्या."

चलामॅडमला ते पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी पुन्हा चढल्या, उतरल्या, परत चढल्या. संध्याकाळी पुन्हा पुतळा. त्या दिवशी मात्र तिने मुलाकडे कान लावला. ती एवढंसं वाक्य सांगायची आणि त्याचं स्पॅनिश व्हायचं लांबलचक; आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला तेच काहीतरी यायचं. "नो ते बायास आ कायेर." पुन्हा, "नो ते बायास." बाया! जा! आणि नो म्हणजे काय ते सांगायला दीर नको होता.

तिची कानशिलं तापली. मी म्हणते, या. आणि हा म्हणतो, जाऊ नका? आईचा पाय उचलला जाऊ नये हेच याला हवंय? गावाबाहेरची जागा बघून ठेवलीय, सगळं तळमजल्यावर! घरी आली ती धुसफुसतच. पर्स टाकली आणि दिराला गाठलं.

"नो ते बायास आ कायेर म्हणजे काय? नीट सांग. माणूस आईच्या मुळावर उठलाय."

दीर ऐकून घेत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "वहिनी, कायेर म्हणजे पडणं. 'पडायला जाऊ नकोस', असं शब्दाला शब्द लावला तर होतं. पण म्हणायचं असतं ते एवढंच, की 'पडशील हं!'"

"पडशील हं?"

"हो. आया म्हणतात मुलांना. दिवसभर."

"अगं, मग ही तर तुझीच भाषा," सासूबाई म्हणाल्या. "एवढी स्पॅनिश तुला येत होती, आणि शिकवणी कसली लावलीस?"

सगळे हसले. तीही हसली. पण ते हसू गालातच राहिलं.

सकाळी ठकीला पाळणाघरात सोडायला गेली तेव्हा तिने पहिल्यांदा नीट बघितलं. पाळणाघराला दगडी पायऱ्या होत्या. रोज ती ठकीला उचलूनच वर न्यायची. आज खाली ठेवलं. ठकीने पाय उचलला आणि वर बघितलं. पायरीकडे नाही, आईच्या चेहऱ्याकडे. तिथे काय लिहिलंय ते वाचायचं आणि मग पाय टाकायचा की नाही ते ठरवायचं, असा तो प्रकार होता. आजीही तशाच. सकाळी त्या पायरीकडे बघतात, संध्याकाळी मुलाच्या तोंडाकडे. चलामॅडमच्या ओठांवर शब्द आलाच होता. तिने ओढणीचं टोक दातात धरलं. ठकीने जरा वाट बघितली, काही येत नाही म्हटल्यावर दोन्ही हात पायरीवर टेकले आणि रांगत, धुळीने माखत वर गेली.

गुरुवारी संध्याकाळी तिने मुलाला वॉर्डाबाहेरच थांबवलं.

"एक विचारू? तुम्ही आईंना दर पावलाला 'पडशील' म्हणता, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"मी? छे हो. तुम्ही सांगता तेवढंच मी सांगतो."

"नो ते बायास आ कायेर."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. या बाईला स्पॅनिश येते याचा धक्का आधी बसला, मग दुसरा. तो आठवत राहिला. आठवता आठवता त्याचा चेहरा उतरत गेला.

"मी कधी म्हणालो ते मला कळलंच नाही," तो म्हणाला. "माझं कामच तसं आहे हो. लिफ्टमध्ये शिरलो की मला आरसा, बटणं, दिवा काही दिसत नाही. काय तुटेल, काय सुटेल, काय खाली येईल, तेवढंच दिसतं. ते मी बघितलं नाही तर कोण बघणार?"

"लिफ्टला ऐकू येत नाही. आईंना येतं."

तो भिंतीला टेकला. "ती माझ्या घरात पडली. ती गुळगुळीत फरशी मीच पसंत केली होती. बायको नको म्हणत होती."

चलामॅडमला त्याची दया आली. पण दया दाखवत बसायची ही वेळ नव्हती, आणि पेशंटच्या नातेवाइकाला कसं हलवायचं हेही तिला पेशंटइतकंच चांगलं येत होतं.

"हे बघा," ती म्हणाली. "उद्या आई चढणार. माझ्यासमोर रोज चढतात."

"मग मी उद्या येतच नाही. तुम्ही दोघी करा. मी नसलो की सगळं नीट होईल."

"वा! म्हणजे उद्या पास होतील, आणि परवा तुमच्या जिन्यावर? तिथे मी नसणार. तिथे तुम्हीच असणार, रोज. तेव्हा यायचं, वरच्या पायरीवर उभं राहायचं आणि तोंडातून दोनच शब्द काढायचे. चढताना सूबे, उतरताना बाहा. तिसरा शब्द आला की मी तुम्हाला वॉर्डाबाहेर घालवीन."

"आणि मला भीती वाटली तर?"

"वाटू दे की. मलाही वाटते. ती चेहऱ्यावर आणायची नाही, एवढंच."

शुक्रवारी हॉस्पिटलचा मोठा जिना मोकळा ठेवला होता. चलामॅडमने आजींच्या कमरेला जाड पट्टा बांधला, मागच्या बाजूने तो मुठीत धरला आणि त्यांच्या अर्धी पायरी खाली उभी राहिली. वर, जिना संपतो तिथे, मुलगा. इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला बसल्यासारखा. त्याच्या शेजारी डॉक्टर, हाताची घडी घालून. खालच्या दारात थोरल्या सिस्टर आणि, कामं टाकून, निम्मा वॉर्ड.

"सूबा," चलामॅडम म्हणाली. आज तिला कोणाची लाज वाटली नाही.

आजींनी कठडा धरला, काठी सावरली. बरा पाय वर, मग दुखरा, मग काठी. "सूबा." पुन्हा तसंच. जिन्याच्या वळणापर्यंत सगळं असं सुरळीत झालं, की डॉक्टरांनी घडी सोडून खिशात हात घातले. वळणावर आजी थांबल्या. आता मुलगा त्यांना समोर दिसत होता. त्यांनी पाय उचलला आणि मान वर केली.

तोच पाय. तीच मान.

चलामॅडमने मुठीतला पट्टा घट्ट धरला. हाड अजून कोवळं आहे, जिना दगडी आहे, माझ्याशिवाय इथे यांना धरणारं कोणी नाही. जिभेवर 'सांभाळून' येऊन बसलं, स्पॅनिशमध्ये नव्हे, आपल्या साध्या बोलीत. तिने ते गिळलं आणि वर मुलाकडे बघितलं.

मुलाचं तोंड उघडलं होतं. त्याने एक हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. सगळा जिना त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"सूबे, मामा," तो म्हणाला. आवाज चिरकला होता. मग घसा साफ करून, मोठ्याने, जवळजवळ हुकूम सोडल्यासारखा, "सूबे!"

आजींनी भुवया उंचावल्या. आपल्याशी या सुरात बोलायची याला सवय कधी लागली, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला. मग त्यांनी मुलावरची नजर काढली, पायरीवर लावली, आणि पाय टाकला. बरा, दुखरा, काठी. त्यानंतर त्या वर पोचेपर्यंत थांबल्या नाहीत. वर पोचून त्यांनी डॉक्टरांसमोर काठी अशी टेकली, की डॉक्टरांना एक पाऊल मागे घ्यावं लागलं.

खाली टाळ्या सुरू झाल्या. "टाळ्या नकोत," चलामॅडम ओरडली. "अजून उतरायचंय!"

उतरणं खरं अवघड. चढताना समोर पायरी असते, उतरताना समोर पोकळी. मुलाला राहवेना. तो आईच्या आधी दोन पायऱ्या उतरला, तिच्याकडे तोंड करून उलटा चालायला लागला, दोन्ही हात पसरून, जणू वरून कपाट खाली आणायचं होतं. पण तोंडातून निघत होतं ते ठरलेलंच. "बाहा, मामा. बाहा."

"तुम्ही समोर बघून उतरा हो," चलामॅडम म्हणाली, पण त्याचे डोळे आईच्या पावलांना चिकटले होते. वळण गेलं. खालचा मजला दिसायला लागला. आजी उतरत होत्या. आता पट्टा नुसता नावाला होता, सैल. आणि मुलाची टाच पायरीच्या कडेवरून सुटली.

तो धपकन बसला. तसाच बसल्या बसल्या आणखी एक पायरी खाली गेला, पुन्हा धप्, आणि तिथे पाय पसरून राहिला.

कोणीतरी किंचाळलं. चलामॅडमने पट्टा आवळला, आजींचा तोल गेला असेल या हिशेबाने सगळं वजन मागे टाकलं. पण पट्ट्याला ओढ बसलीच नाही. आजी जिथे होत्या तिथेच उभ्या होत्या, दोन्ही पाय घट्ट, काठी घट्ट, कठड्यावर हात. त्यांनी खाली बसलेल्या मुलाकडे बघितलं. तो हातपाय हलवून बघत होता. काही मोडलं नव्हतं. मग आजींच्या खांद्यांना पहिला हिसका बसला. त्या हसत होत्या. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग सगळं अंग गदागदा हलवत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, आणि एवढं हलूनही तो खुबा जागचा ढळला नाही.

डॉक्टर वरून धावत आले होते. ते मधल्या पायरीवर थबकले आणि त्यांनी आजींच्या पावलांकडे बघितलं. बघतच राहिले.

आजींनी बाहीने डोळे पुसले आणि काहीतरी लांबलचक बोलल्या. ते मुलाला होतं, डॉक्टरांना होतं, की दारातल्या सगळ्या मंडळींना, ते कळलं नाही. शेवटी त्यांनी काठीने बाहेरच्या दाराकडे खूण केली. "मे बोय आ कासा."

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी मुलाला विचारलं.

मुलगा कंबर चोळत तोंड उघडणार, तोच चलामॅडम म्हणाली, "घरी जाते म्हणतात."

"अहो, पण मी अजून सोडलंय कुठे?"

"ते तुम्हीच सांगा त्यांना, डॉक्टर. तेवढी स्पॅनिश मला येत नाही."

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा आजींकडे. मग ते खाली वाकून मुलाला म्हणाले, "काही मोडलं नाही ना? मग उठा. आईंची बॅग भरायला घ्या."

पण त्याला उठायला वेळ लागत होता, आणि आजींना तेवढा धीर नव्हता. त्यांनी काठीच्या टोकाने त्याचा बूट बाजूला सारला आणि उरलेल्या पायऱ्या उतरायला घेतल्या.